वेळापत्रकाबाहेरचे गाव

भंगारवाल्याने लेथ मशीन टेम्पोत चढवले, त्या दिवशी मी शाळेत हजर होतो. त्या शाळेच्या तांत्रिक विभागात मी चोवीस वर्षे निदेशक म्हणून काढली. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. मुख्याध्यापकांनी केवळ सौजन्य म्हणून निरोप धाडला, ‘सर, वर्कशॉप रिकामे करतो आहोत. आठवण म्हणून काही हवे असेल तर येऊन जा.’ मी गेलो. काट्यावर लोखंडाचे वजन झाले, किलोचा भाव ठरला, आणि ज्या यंत्रावर पंचवीस-तीस तुकड्यांच्या मुलांनी पहिल्यांदा धातू वळवून पाहिला, ते यंत्र रद्दीच्या शेजारी जाऊन बसले. मी एक त्रिकोणी कानस तेवढी मागून घेतली आणि घरी आलो.

शाळेचे नाव मी लिहीत नाही. मुख्याध्यापकांवर माझा राग नाही, आणि ही एका शाळेची गोष्टही नाही. कल्याणहून कर्जतच्या दिशेने गाडी निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. या पट्ट्यातल्या कोणत्याही चार शाळांत जा आणि नववी-दहावीचे वेळापत्रक मागा. चारही ठिकाणी एकच कागद हाती येईल. तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. उरलेले तास ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ वगैरे नावांनी कागदावर असतात आणि परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक ते उचलून नेतात. आवडीनिवडीला वाव एवढाच की हिंदी पूर्ण घ्यायचे की संस्कृतला जोडून घ्यायचे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या आयुष्यात यापेक्षा मोठी निवड शाळा करू देत नाही.

आता शाळेच्या फाटकाबाहेर या. अंबरनाथला १९५०च्या दशकात संरक्षण खात्याचा आयुध निर्माणी कारखाना आला, यंत्रांचे आद्य नमुने घडवणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आला. त्याच्याही आधीपासून इथे आगपेट्यांचा कारखाना होता. आज आनंदनगर औद्योगिक वसाहतीत आणि बदलापूरच्या एमआयडीसीत लोखंडापासून औषधी रसायनांपर्यंत नाना वस्तू तयार होतात. उल्हासनगरची तर कथाच निराळी. फाळणीनंतर सिंधमधून नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवले गेले, आणि त्यांनी त्या बराकींतून बाजारपेठ उभी केली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आपण सर्वांनी केलेला आहे. त्या विनोदात थट्टा किती आणि कौतुक किती, याचा हिशेब मात्र आपण कधी केला नाही. फर्निचर, जीन्स, कापड, मिठाई, इलेक्ट्रिकचे सामान यांतली कोणती गोष्ट या गावाला बनवता येत नाही? आणि यांतली कोणती गोष्ट या गावच्या शाळेत शिकवली जाते?

ज्या गावाला एवढे येते, त्या गावाच्या शाळेच्या वेळापत्रकात ते गाव कुठेच नाही. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. पण त्याच्या पोटात बऱ्याच गोष्टी आहेत.

याद्यांचा इतिहास

शाळेत काय शिकवावे याची यादी करणे हे आपल्याकडे जुने काम आहे, आणि थोरामोठ्यांनी ते केले आहे. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेसाठी सरळ यादीच आहे. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरचे काही धडे. त्याच्याही सत्तावीस वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. म्हणजे ‘कोणते विषय’ आणि ‘कोणत्या वेळी’ हे दोन्ही प्रश्न या जोडप्याने एकोणिसाव्या शतकातच ओळखले होते. जो दिवसा मोकळा नाही त्याने कधी शिकायचे, आणि शिकलेले त्याच्या हाताशी कसे जोडायचे?

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी परिषद भरवली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, मांडली. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने शाळेत ‘कार्यानुभव’ आणा म्हणून सांगितले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तर आकडाच दिला. उच्च माध्यमिकच्या दहा टक्के मुलांनी १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्क्यांनी १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावे. १९९२ मध्ये या दोन्ही मुदती पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलल्या गेल्या. अखेर २०२० च्या धोरणाला लिहावे लागले की बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांपैकी रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्केही नव्हते. त्याच ठिकाणी जर्मनीचा आकडा पंचाहत्तर आणि दक्षिण कोरियाचा शहाण्णव टक्के दिला आहे.

मधल्या काळात कार्यानुभवाचे काय झाले, हे ज्यांच्या घरी शाळकरी मूल होते त्यांना सांगायला नको. कागदी फुले, मण्यांची तोरणे, मेणबत्त्या. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आईने जागून केलेल्या वस्तूला मुलाचे नाव लागायचे आणि ‘अ’ श्रेणी मिळायची. अनुभव असलाच तर तो आईला मिळाला.

वर्कशॉपमधला तास

या सगळ्यात एकच गोष्ट खरी चालली होती, ती म्हणजे तांत्रिक शाळा. आठवीला मूल आले की त्याला एका भाषेऐवजी तांत्रिक विषय घेता येई. आधी सुतारकाम. रंधा कसा धरायचा, पटाशी कुठे चालवायची, दोन फळ्यांचा सांधा कसा बसवायचा. मग फिटिंग. शिकंजात लोखंडाचा तुकडा आवळून कानशीने काटकोन साधायचा. मग वायरिंग, आणि दहावीपर्यंत लेथ. सोबत यंत्ररेखन, म्हणजे वस्तू वरून, समोरून आणि बाजूने कशी दिसते ते कागदावर उतरवणे. अशा मुलांसाठी तंत्रनिकेतनाच्या पदविकेला काही जागा राखीव असत, त्यामुळे पुढची वाटही दिसत होती.

या तासाला मी एक गोष्ट शेकडो वेळा पाहिली. पाढ्यांत अडखळणारे पोर व्हर्निअर कॅलिपर हातात आला की दशांश अपूर्णांक आपसूक शिकते. त्याला त्याची गरज असते. जॉब अर्धा मिलिमीटर जास्त घासला गेला तर तो परत जोडता येत नाही. गणिताच्या वहीत चूक खोडता येते, लोखंडात येत नाही. त्यातून जो सावधपणा येतो तो पुस्तकातल्या कोणत्याही धड्याने येत नाही.

माझा एक विद्यार्थी होता. त्याने घासलेला जॉब काटकोनाला लावून उजेडात धरला तर मधून प्रकाशाची रेघ येत नसे. चोवीस वर्षांत असे हात मी चार-पाचच पाहिले. दहावीला तो दोनदा बसला आणि दोन्ही वेळा इंग्रजीत गेला. फिटर किंवा टर्नर ट्रेडला आयटीआयमध्ये जायचे तर दहावी पास हवी. आज तो औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून आहे. मशीन बिघडले की हाक त्यालाच मारतात, पगार मात्र हेल्परचा देतात. मध्यंतरी स्टेशनवर भेटला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘सर, पोराला इंग्लिश मीडियमला घातलाय.’ मी काय बोलणार? त्याने जगाकडून जो धडा घेतला, तो चुकीचा आहे असे मला म्हणता आले नाही.

मग वर्कशॉपे बंद का पडली? कोणी दुष्ट माणसाने बंद केली नाहीत. कारणे साधी आहेत. एक, टक्केवारीची शर्यत. संस्कृतमध्ये पंचाण्णव पडतात, तर वर्कशॉपमध्ये हात काळे का करायचे, असे पालक विचारू लागले. दोन, पैसा. वर्कशॉपला तेल लागते, कटिंग टूल लागतात, पत्रा, सळ्या, लाकूड लागते. शिक्षकाचा पगार अनुदानातून येतो, पण वेतनेतर अनुदान तुटपुंजे आणि तेही वेळेवर नाही. वर्कशॉपचा खर्च सर्वांत आधी कापला जातो, कारण त्याने निकाल खाली येत नाही. तीन, माणसे. निदेशक निवृत्त झाला की पद रिकामे राहते. माझे पद मी सोडले त्या दिवसापासून भरलेले नाही. आणि चार, जागा. शेडमध्ये लेथ ठेवण्यापेक्षा दोन वर्गखोल्या काढल्या तर शंभर मुले जास्त बसतात. संस्थाचालकाच्या हिशेबात हे चूक म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो हा की हिशेब फक्त संस्थाचालकानेच का करायचा?

यावर कोणी म्हणेल की २०१५ नंतर काही शाळांत नववीपासून ऑटोमोबाइल, रिटेल, आरोग्यसेवा, सौंदर्यशास्त्र असे नवे व्यवसाय विषय आले आहेत. आले आहेत, आणि त्यांचे मी स्वागतच करतो. पण अनेक ठिकाणी शिकवणारा माणूस ठेकेदार संस्थेमार्फत वर्षाच्या बोलीवर येतो, आणि पुढच्या जूनमध्ये तो येईलच याची खात्री नसते. विषयाचे नाव यादीत राहते, मास्तर बदलत राहतो.

पर्यायी वाट, पण कोणासाठी?

आता दुसरी बाजू पाहू. नेहमीच्या शाळेत ज्याचे जमत नाही, त्याला पर्याय काय?

एक पर्याय रात्रशाळेचा. मुंबईत ही परंपरा मोठी आहे. गिरणीत, हॉटेलात, दुकानात राबलेली कितीतरी मुले संध्याकाळी साडेसहानंतर दप्तर घेऊन बसली आणि शिकून मोठी झाली. पण कल्याणच्या पुढे ही परंपरा फारशी आलीच नाही. दुसरा पर्याय सतरा नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचे, घरी अभ्यास करायचा आणि नेहमीच्या मुलांसारखेच पेपर द्यायचे. ज्याला शाळेत शिक्षक असूनही जमले नाही, त्याने शिक्षकाशिवाय तेच विषय पुन्हा करायचे, असा हा उपाय आहे.

तिसरा पर्याय राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, आणि तो खरोखर विचार करून आखलेला आहे. केंद्रीय मंडळाने १९७९ मध्ये प्रयोग म्हणून सुरू केलेल्या मुक्त शाळेतून १९८९ साली ही संस्था उभी राहिली आणि २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. इथे दहावीसाठी पाच विषय लागतात आणि त्यांत किमान एक भाषा हवी. बाकीचे विषय मुलाने निवडायचे. गृहविज्ञान घ्या, चित्रकला घ्या, मानसशास्त्र घ्या, डेटा एंट्री घ्या. एकेक विषय सुटा सोडवता येतो, पाच वर्षांची मुदत असते, नऊ संधी मिळतात. पास झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. माझ्या त्या विद्यार्थ्याला इंग्रजी सोडून दुसरी एखादी भाषा घेऊन दहावी होता आले असते. हे त्याला कोणी सांगितले नाही. खरे सांगायचे तर त्या वेळी हे मलाही ठाऊक नव्हते, आणि ही खंत माझी मला बोचते.

मागल्या दहा वर्षांत राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही निघाले. म्हणजे कागदावर निवड आहे. पण मुक्त विद्यालयात यादी आहे आणि वर्ग नाही. आमच्या शाळेत वर्ग आहे आणि यादी नाही. दोन्ही एका छपराखाली आली तरच त्याला शाळा म्हणता येईल.

शेजारच्या इमारतीतली एक मुलगी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात चेन बसवण्याचे काम करते. मजुरी नगावर. नववीत असताना वडील अंथरुणाला खिळले आणि शाळा सुटली. आता एकोणिसाची आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा म्हणून चौकशीला आली होती. मी तिला विषय सांगत होतो आणि ती निमूट ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘सर, शिवणकामाचे मार्क मिळत नाहीत का?’ एक पँट शिवायला किती कापड लागते, कोणत्या मापाला किती टाके, दिवसाला किती नग निघाले तर किती पैसे, हे ती बोटांवर सांगू शकते. तिच्या या ज्ञानाला आपल्या मंडळाच्या यादीत मोल नाही. तिला ज्या यादीने एकदा बाहेर काढले, त्याच यादीपुढे पुन्हा उभे राहायचे आहे.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा. तो आठवीपर्यंत पोहोचतो. नगरपालिका आणि महापालिकांच्या बहुतेक शाळाही सातवी-आठवीला संपतात. पुढचे खासगी संस्थांवर सोपवलेले. म्हणजे ज्या वयात मुलाला निवड हवी असते, नेमक्या त्याच वयात सार्वजनिक शाळा त्याचा हात सोडते.

दोन उदाहरणे

हे सारे स्वप्नरंजन वाटू नये म्हणून दोन उदाहरणे देतो. पहिले आपल्याच राज्यातले. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधले वरिष्ठ शास्त्रज्ञ. नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न टिकलेली मुले घेतली. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, आहार, आरोग्य असे काम हाताने करता करता त्यामागचे विज्ञान शिकायचे, आणि गावाला लागणाऱ्या वस्तू व सेवा त्यातूनच पुरवायच्या. पुढे हाच अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीला आठवड्यातून एक दिवस चालू लागला, आणि राज्य मंडळाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे. पाबळला कोणी नवी यादी शोधली नाही. गावाला काय लागते ते पाहिले आणि तेच वेळापत्रकात घातले.

पाबळ खेडे आहे, आपण शहरात राहतो, असे कोणी म्हणेल. तर शहराचे उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९६९ साली पार्कवे नावाची सरकारी माध्यमिक शाळा निघाली. तिला स्वतःची इमारत नव्हती. शहराच्या एका हमरस्त्यावर असलेली संग्रहालये, ग्रंथालय, विज्ञानकेंद्र आणि कार्यालये हेच तिचे वर्ग. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून निवडत, म्हणजे हुशार आणि ‘ढ’ अशी चाळणी नव्हती. पुढे त्या शाळेचे रूप बरेच पालटले, पण कल्पना टिकली, आणि १९७२ मध्ये न्यूयॉर्कला ‘सिटी अ‍ॅज स्कूल’ नावाने तशीच सरकारी शाळा निघाली. शहरालाच शाळा मानायचे, ही ती कल्पना. फिलाडेल्फियाकडे कलासंग्रहालय होते, तर आपल्याकडे शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर आहे. इतिहासाचा, शिल्पाचा आणि चित्रकलेचा याहून चांगला वर्ग कोणता?

एक गंभीर आक्षेप

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. गरिबाच्या मुलाला कानस आणि श्रीमंताच्या मुलाला कॅल्क्युलस, असे होणार नाही कशावरून? सुताराच्या मुलाने सुतारच व्हायचे का?

योगायोग असा की या आक्षेपाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या गावाच्या जन्माशी जोडलेले आहे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगरची पायाभरणी झाली ती गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते. हेच राजाजी पुढे मद्रासचे मुख्यमंत्री झाले आणि १९५३ साली त्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. शाळा तीन तास, आणि उरलेल्या वेळात मुलाने घरच्या व्यवसायाचे शिक्षण घ्यायचे. लोकांनी तिला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, असे नाव दिले. ज्याचा बाप चपला शिवतो त्याने चपलाच शिवायच्या, हा जातिव्यवस्थेचा वर्ग आहे, असे म्हणून केवढे आंदोलन उठले. १९५४ मध्ये राजाजींना जावे लागले आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली. योग्यच केले.

पण त्या योजनेचा दोष मुलांना हातकाम शिकवण्यात नव्हता. काम बापाचे होते, मुलाने निवडलेले नव्हते. ते शाळेबाहेर होते आणि शाळेचे तास कापून दिलेले होते. आणि ते गरिबाच्या पोरापुरते होते. म्हणून माझ्या यादीला तीन अटी आहेत. पहिली, भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र यांचा एकही तास कमी होणार नाही. दुसरी, कामाचा विषय सर्वांना, डॉक्टरच्या मुलीलाही आणि हमालाच्या मुलालाही, आणि तो ज्याने त्याने निवडायचा, सहा महिन्यांनी बदलायची मुभा ठेवून. तिसरी, या विषयाचे गुण दहावीच्या एकूण गुणांत धरले जातील आणि अकरावीची कोणतीही शाखा त्यामुळे बंद होणार नाही. या तीन अटी पाळल्या नाहीत तर ही योजना करूच नये, या मताचा मी आहे.

गावाची यादी

मग करायचे काय? उल्हासनगरला १९९६ पासून महापालिका आहे, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरला नगरपालिका आहेत. प्रत्येकीने एक तरी सार्वजनिक माध्यमिक शाळा अशी चालवावी की जी सकाळीही भरेल आणि संध्याकाळीही. ठरलेले विषय तिघींकडे असतील. गावाचे विषय आपसात वाटून घ्यावेत, कारण उपनगरी गाडीने स्थानके काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. अंबरनाथला फिटिंग, टर्निंग, वायरिंग आणि यंत्ररेखन. उल्हासनगरला शिवणकाम, पण नुसते टाके नाहीत, तर माप, कटिंग, कापडाचा हिशेब आणि मालाची किंमत ठरवणे. फर्निचरचे सुतारकाम, दुकानाचे हिशेब आणि करविवरण. आणि सिंधी भाषा, देवनागरी आणि अरबी दोन्ही लिप्यांत. सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करून ओस पडल्या, घरात आजी बोलते ते नातवाला वाचता येत नाही. १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेलेली भाषा ज्या गावात सर्वाधिक कानावर पडते, तिथे तरी ती एक विषय म्हणून असावी की नाही?

बदलापूरला शेती आणि फळप्रक्रिया. तिथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा टिकाऊ रस कसा करायचा हे तिथल्या मुलांना कोण शिकवणार? आणि तिन्ही गावांत मिळून एक विषय, पाण्याचा. उल्हास नदीचे पाणी आपण पितो आणि वालधुनीचे पाणी नाकाला रुमाल लावून ओलांडतो. दर महिन्याला मुलांनी नमुने घ्यावेत, आम्लता मोजावी, विरघळलेला प्राणवायू मोजावा आणि आकडे फळ्यावर लिहावेत. रसायनशास्त्राचा यापेक्षा खरा धडा नाही, आणि नागरिकशास्त्राचाही.

शिकवायला माणसे कुठून आणायची? अंबरनाथ-बदलापूरच्या सोसायट्यांतून संध्याकाळी बाकावर बसलेले निवृत्त टर्नर, फिटर, ड्राफ्ट्समन मोजून पाहा. ज्यांनी हजाराव्या भागाच्या मापात आयुष्य काढले त्यांना आपण नातवंडांना बागेत नेण्याचे काम दिले आहे. शिक्षकाची पात्रता आणि नेमणूक याला नियम लागतील, ते करावेत. मुले कारखान्यात शिकायला जातील, राबायला नाही, आणि रसायनांच्या कारखान्यांपासून तर दूरच राहतील, हेही लिहून ठेवावे.

पैशाचे काय, असे विचारणाऱ्याने आपले मालमत्ता कराचे बिल काढून पाहावे. त्यात शिक्षण उपकराचा एक रकाना असतो. तो आपण वर्षानुवर्षे मुकाट भरतो. त्या रकान्याच्या बदल्यात आपल्या गावात एक वर्कशॉप, एक शिवणयंत्रांची खोली आणि एक प्रयोगशाळा मागितली तर ती भीक होत नाही. २०२० चे धोरण सहावीपासून व्यवसायांची ओळख आणि दहा दिवस दप्तराविना म्हणते. २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा, असेही त्यात होते. धोरणे आली आणि गेली. वर्कशॉपचे तेल मात्र कोणत्याच धोरणात आले नाही.

बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले असे इथले लोक सांगतात. लांबच्या वाटेवर थकलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा आणि पुढे निघायचे. पर्यायी शाळा म्हणजे तरी दुसरे काय? वाट सोडायची नाही, वाहन बदलायचे. आज आपण थकलेल्या मुलाला घोड्यासकट रस्त्याच्या कडेला उभे करतो आणि पुढे जातो.

परवा ती शेजारची मुलगी पुन्हा आली होती. मुक्त विद्यालयाचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला. गृहविज्ञान घेतले, मराठी घेतली. गणिताला ती घाबरते. मी म्हटले, ‘तू नगाचा हिशेब करतेस ना, तेच गणित. रविवारी येत जा.’ ती येते. वर्ग माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरतो. एका मुलीसाठी हे चालेल. पण तिन्ही गावांत अशी मुले किती, आणि टेबले किती? टेबलावर कोपऱ्यात ती त्रिकोणी कानस ठेवलेली असते. अधूनमधून तिला तेल लावावे लागते, नाहीतर गंज चढतो. वापरली असती तर लावावे लागले नसते.